काठी कधी काढायची?

रोप लावलं की शेजारी काठी रोवायची, हे आपल्या हातांना कुणी शिकवावं लागत नाही. खड्डा, शेणखत, रोप, माती, पाणी, काठी, दोरी. १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात देशभर रोपं लावली जातात आणि त्यांचे फोटो निघतात. त्यातला कुठलाही फोटो काढून बघा. पाहुणे बदलतात, झारी बदलते, काठी मात्र असतेच. पण दोन वर्षांनी कुणीतरी कात्री घेऊन आलंय, दोरी कापतंय आणि त्याचा फोटो वर्तमानपत्रात आलाय, असं मी तरी कधी पाहिलेलं नाही. काठी लावायला समारंभ आहे, ती काढायला माणूससुद्धा नेमलेला नाही.

आमच्या बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूचं गाव. तेव्हा इथं काठीला तोटा नाही. आणि वाऱ्यालाही नाही. इथला पाऊस एकटा येत नाही. जून-जुलैत पश्चिमेकडून घाट चढून आलेलं वारं छत्री उलटी करतं, पत्रे वाजवतं आणि नव्या रोपाला असं वाकवतं की बघणाऱ्याच्या पोटात कालवतं. मग आपण धावत जाऊन मिळेल ती काठी रोवतो आणि मिळेल त्या दोरीनं रोप तिला करकचून बांधतो. रोप सरळ उभं राहतं आणि आपल्याला बरं वाटतं. आमच्या गल्लीत बागकामाला येणारे एक मामा आहेत. त्यांना मी एकदा विचारलं, की काठी नेमकी कशासाठी? ते खुरपं चालवता चालवताच म्हणाले, “अक्का, काठी झाडाला नसतीया, बघणाऱ्याच्या जिवाला असतीया.”

मामांचं हे म्हणणं वाटतं तितकं थट्टेचं नाही. थॉमस अँड्र्यू नाइट नावाच्या इंग्रज बागायतदारानं १८०३ साली आपले काही प्रयोग छापले. त्यानं सफरचंदाची कोवळी झाडं घेतली. काही अशी बांधून टाकली की त्यांची खोडं हलूच नयेत. काही वाऱ्यावर मोकळी सोडली. आणि एक झाड असं बांधलं की वारा आला तर त्यानं फक्त उत्तर-दक्षिण डुलावं, पूर्व-पश्चिम नाही. मोकळ्या झाडांची खोडं जाड झाली, बांधलेल्यांची त्या मानानं बारीक राहिली. आणि ते उत्तर-दक्षिण डुलणारं झाड? त्याचं खोड गोल न राहता लंबगोल झालं. डुलण्याच्या दिशेची जाडी आणि आडवी जाडी यांचं प्रमाण त्यानं मोजलं, ते १३ ला ११ निघालं. म्हणजे ज्या बाजूनं वाऱ्याशी झुंजावं लागलं, नेमक्या त्याच बाजूला झाडानं लाकूड भरलं होतं. हे वाचल्यापासून मला रस्त्यावरची झाडं वेगळी दिसायला लागली आहेत. प्रत्येक बुंधा म्हणजे त्या झाडानं सोसलेल्या वाऱ्याचा हिशेबच की!

पुढे १९७१ साली कॅलिफोर्नियातल्या नील आणि हॅरिस या दोघांनी लिक्विडांबर नावाच्या झाडाची रोपं काचघरात वाढवली आणि काहींचं खोड रोज फक्त तीस सेकंद हातानं हलवलं. तीस सेकंद, म्हणजे आपला एक णमोकार म्हणून होईल तेवढा वेळ. तेवढ्यानं हलवलेल्या रोपांच्या उंचीतली वाढ न हलवलेल्यांच्या वाढीच्या अवघी वीस ते तीस टक्के राहिली. झाडानं उंच होण्याचं काम थांबवलं आणि आधी उभं राहण्याची तयारी केली. दोनच वर्षांनी, १९७३ मध्ये, जाफे नावाच्या शास्त्रज्ञानं स्पर्शानं आणि हलण्यानं वनस्पतीच्या घडणीत होणाऱ्या या बदलांना एक लांबलचक ग्रीक नाव दिलं. ते इथं लिहून वाचकांची परीक्षा घेत नाही.

मला या प्रयोगात अडकवून ठेवतो तो उंचीचा आकडा. नुसती उंची मोजायची ठरवली तर हलवलेलं रोप साफ नापास आहे. आणि आपण उंचीच मोजतो. रोपवाटिकेत गेलं की आपण सगळ्यात उंच रोप मागतो, विकणाराही उंचीवर भाव लावतो. म्हणून तिथं रोपं खेटून खेटून ठेवलेली असतात. वाराही लागत नाही, हलायला जागाही नाही, उजेडासाठी सगळी वरवर धावतात. शिवाय प्रत्येकाला लहानपणापासून बांबूची कामटी बांधलेली. असं आठ फुटी, बोटाएवढ्या खोडाचं रोप आपण घरी आणतो, कामटी सोडतो आणि ते कमरेत वाकतं. मग आपण म्हणतो, बघा, याला काठीशिवाय उभंच राहता येत नाही. ते उभं राहू शकत नाही कारण त्याला कधी उभं राहू दिलेलंच नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

इथवर वाचून कुणी उठून अंगणातल्या सगळ्या काठ्या उपटायला जाऊ नये. थोडं थांबा. कारण गोष्टीची दुसरी बाजू जमिनीखाली आहे.

रोप पिशवीतून काढून नव्या खड्ड्यात ठेवलं की मुळांसकट मातीची जी हुंडी असते ती आजूबाजूच्या मातीशी अजून जोडलेली नसते. गडूमध्ये ठेवलेल्या चेंडूसारखी ती आत डुगडुगते. झाड नव्या मातीत केसांसारखी बारीक मुळं सोडतं. आणि वाऱ्यानं हुंडीच हलली, तर आज फुटलेलं मूळ उद्या तुटतं. परवा पुन्हा फुटतं, तेरवा पुन्हा तुटतं. असं रोप वरून हिरवं दिसतं आणि एक दिवस चिमून जातं. तेव्हा ज्या रोपाची हुंडी फुटलीय, ज्याला पानांचा भार जास्त आणि मुळं कमी आहेत, किंवा जे उघड्या माळावर वाऱ्याच्या तोंडी लावलंय, त्याला काठी द्यायलाच हवी. पण काठी द्यायची ती मुळांसाठी. खोडासाठी नाही. खोडाला हलायचंच असतं.

ही एक गोष्ट नीट कळली की बाकीचं सगळं आपोआप सुचतं. काठी हुंडीत भोसकायची नाही, तिच्या बाहेर घट्ट जमिनीत रोवायची. शक्यतो दोन्ही बाजूंना एकेक. बांधायचं ते खालच्या अंगाला. किती खाली, याचीही युक्ती आहे: खोड हातात धरायचं आणि हात हळूहळू खाली न्यायचा. ज्या जागेच्या खाली धरलं की शेंडा कलंडतो आणि आपला आपण सरळ होत नाही, ती जागा लक्षात ठेवायची आणि तिच्या वर वीतभरात बांधायचं. तार नको, नायलॉन नको. जुन्या सुती साडीची चार बोटं रुंद पट्टी उत्तम, ती काठी आणि खोड यांच्यामधून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवायची, म्हणजे साल काठीवर घासत नाही. गाठ सैल. आणि एक पावसाळा, फार तर एक वर्ष. तोवर मुळांनी जमीन धरलेली असते. बांबू त्याहून जास्त दिवस ठेवला तर आमच्याकडे त्याला वाळवी लागते, ती वेगळीच. खरं सांगायचं तर ज्याला जागेवरच बी लावून वाढवलंय त्याला यातलं काहीच लागत नाही. कोकणात आंब्याची कोय जागेवरच रुजवून तिथल्या तिथं कलम करायची पद्धत आहे. तिचं सोटमूळ पिशवीत कधी वळत नाही, सरळ खाली जातं, आणि ते झाड वाऱ्याला दाद देत नाही. काठीची गरज ही मुळातून उपटून दुसरीकडे लावल्याची गरज आहे.

आणि काठी काढलीच नाही तर? ते दृश्य तुम्ही पाहिलेलं आहे. आमच्या पुढच्या रस्त्याला कुणा उत्साही मंडळींनी दहा-बारा वर्षांपूर्वी करंज आणि कांचन लावले होते. काही लोखंडी जाळीत, काही तारेनं बांधलेले. जाळी आता खोडात रुतलीय, तारेवर सालीची गादी आलीय. तारेच्या वरच्या बाजूला खोड सुजल्यासारखं फुगलंय आणि खाली तेवढंच बारीक. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून मुळांकडे उतरतं, ते तारेपाशी अडतं म्हणून ही सूज. वर पानं आहेत, फुलंसुद्धा येतात, आणि खाली मुळं उपाशी. एके दिवशी वादळात ते झाड नेमकं तारेपाशी मोडतं आणि लोक म्हणतात, काय वारा होता!

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आम्ही लहानपणी पाठशाळेत घोकले होते. बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, पेलणार नाही इतकं ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. तेव्हा मला प्रश्न पडायचा, की मारणं, तोडणं ठीक आहे, पण नुसतं बांधणं या यादीत कसं, आणि तेही सगळ्यात आधी? गोठ्यात गाय तर आम्हीही बांधत होतो. पुढे श्रावकाचारावरच्या विवेचनात वाचलं, की गुरं बांधायची झाली तर अशा सैल गाठीनं बांधावीत की आग लागली तर त्यांना सुटून जाता यावं. म्हणजे बांधायला मनाई नाही. बांधताना सुटण्याचा विचार केलेला नसणं, हा दोष. आता पंडितजी मला दुरुस्त करतील, की बाई, हे अतिचार गाईगुरांना आणि माणसांना धरून आहेत, झाड एकेंद्रिय, स्थावर. गृहस्थाचं व्रत त्रस जीवांपुरतं. मान्य. पण करंजाच्या खोडात रुतलेली ती तार बघताना मला पाचातले तीन अतिचार एका जागी दिसले: बांधलंय, छेदलंय आणि अन्न तोडलंय. आणि हे सगळं कुणी केलं? झाडं आवडणाऱ्या माणसांनी. द्वेषानं बांधणाऱ्याला निदान बांधलंय हे आठवतं तरी.

लग्न झालेल्या मुलीला दुसऱ्या मातीत लावलेल्या रोपाची उपमा देतात. ती इतकी वापरून गुळगुळीत झालीय की मी इथं टाळणारच होते. पण ती देणाऱ्यांनी काठीचं काय, हे कधी विचारलेलं नाही, म्हणून विचारते.

आपल्या जुन्या रिवाजांत काठीची अक्कल होती, असं मला वाटतं. पहिल्या वर्षी पंचमीला मुलीला माहेरी न्यायला कुणीतरी यायचंच, पहिला दिवाळसण व्हायचा, पहिलं बाळंतपण आईकडे. मग हळूहळू फेऱ्या कमी व्हायच्या. कुणी सांगायला लागायचं नाही. मूळ धरेपर्यंत आधार, तोही सैल. पण त्याच पहिल्या वर्षात सासरी दुसरी एक काठी रोवली जायची, आणि ती शेंड्याला बांधलेली असायची. कसं हसायचं, कुणाशी किती बोलायचं, कुठल्या साडीत दाराशी यायचं. मुळांना धरायला काही नाही, स्वतःची म्हणावी अशी खोली नाही, हातात दहा रुपये नाहीत, मनातलं बोलायला माणूस नाही; आणि शेंडा मात्र पक्का बांधलेला. झाडाच्या बाबतीत जे करायचं नाही ते नेमकं हेच.

मी बी.ए. होऊन सांगलीकडच्या खेड्यातून या घरात आले. वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही, उलट फार जपलं. बँकेत नको, पोस्टात नको, एकटीनं बाजारात नको. “तुला कशाला त्रास? आम्ही आहोत की.” हे वाक्य इतक्या मायेनं यायचं की त्याला विरोध करणं कृतघ्नपणा झाला असता. दहा-बारा वर्षांनी एकदा घरातल्या मोठ्या माणसांसमोर कशाचा तरी फॉर्म भरायचा विषय निघाला, तेव्हा तीच माणसं तितक्याच मायेनं म्हणाली, “हिला बाहेरचं काही जमत नाही, हिला नका सांगू.” रोपवाटिकेतल्या त्या आठ फुटी रोपाबद्दल मी मघाशी जरा जास्तच तावातावानं लिहिलं असेल, तर त्याचं कारण वाचकांना आता कळलं असेल.

मग आधार द्यावा तरी कसा? माझ्यापुढे एक नमुना आहे. कर्मवीर भाऊराव पाटील आमच्याच समाजातले, कुंभोजला जन्मलेले, स्वतः कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहून शिकलेले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि सगळ्या जातींच्या गरीब मुलांना एका वसतिगृहात आणलं. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. यापेक्षा पक्का आधार तो कोणता? पण त्याच मुलांना तिथं राबावं लागायचं. कमवा आणि शिका. छप्पर, जेवण, पुस्तक हे खाली घट्ट. आणि वर अंगाला वारा लागायला मोकळीक. शिवाय शिक्षण संपलं की बोर्डिंग सुटायचं. मुलगा पहिल्या दिवशी आत पाऊल टाकायचा तेव्हाच त्याच्या निघण्याचा दिवस ठरलेला असायचा. लोक वसतिगृहाच्या दानाची आठवण काढतात. मला त्या निघण्याच्या दिवसाचं जास्त कौतुक वाटतं.

पण इथंच एक धोका आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘वारा लागू दे, घट्ट होईल’ हे वाक्य ज्यांना काठी द्यायचीच नसते त्यांच्या तोंडी फार शोभून दिसतं. नवरा गेलेल्या बाईला तेराव्या दिवशी ‘आता तूच खंबीर व्हायला हवं’ म्हणणारे नातेवाईक मी पाहिलेत. तिची हुंडी फुटलेली असते. तिला वाऱ्याचे धडे नको असतात, काही दिवस कुणीतरी मुळापाशी धरून ठेवायला हवं असतं. नाइटचा प्रयोग तिला सांगणं हा निव्वळ निर्दयपणा.

आणि सगळीच काही झाडं नसतात. मिरजेकडे आमच्या नात्यातल्या काही जणांचे पानमळे आहेत. पानवेलीला शेवरी, शेवगा, पांगारा यांच्या खोडावर चढवतात आणि वर जाईल तसतशी बांधत राहतात. तिचा आधार कधी काढायचा, हा प्रश्नच कुणी विचारत नाही. ती वेल आहे. केळ वर्षभर कुणाच्या आधाराविना उभी असते, पण घड पडला की तिला टेकू द्यावा लागतो, तो घड उतरेपर्यंत. वडाचं आणखी निराळं. त्याच्या पारंब्या जमिनीला टेकून खांब होतात. कोलकात्याजवळ शिवपूरच्या वनस्पती उद्यानातल्या त्या प्रचंड वडाचं मूळ खोड बुरशीनं सडलं म्हणून १९२५ साली काढून टाकलं, आणि तो वड आजही पारंब्यांवर उभा आहे, वाढतोही आहे. तिथं टेकू कुठला आणि झाड कुठलं, कोण सांगणार?

आमच्या ओळखीच्या एका घरात तिशीतला मुलगा आहे, बुद्धी पाच-सहा वर्षांच्या पोरासारखी. त्याच्या आईला लोक सल्ला देतात, की त्याला जरा स्वतःचं स्वतः करू दे, तूच त्याला परावलंबी केलंस. ती बिचारी गप्प ऐकून घेते. त्याचं बटण लावून देणं ही काठी नाही, तो पानमळ्यातला पांगारा आहे. तो काढायचा नसतो. वेलीला झाड होण्याचा उपदेश करणारा आणि झाडाला जन्मभर वेलीसारखं बांधणारा, दोघांनीही समोर काय उभं आहे ते नीट पाहिलेलं नसतं.

जिथं सोडायला हवं तिथंही आपण सोडत का नाही, यावर मी बराच विचार केला. आळस, विसरभोळेपणा ही कारणं आहेतच. पण खरं कारण मला दुसरं वाटतं. समजा, तुम्ही दोरी सोडली आणि आठवड्यानं वादळात झाड पडलं. सगळी गल्ली म्हणणार, यांनी सोडलं म्हणून पडलं. आणि समजा, दोरी तशीच ठेवली आणि दहा वर्षांनी ते झाड बांधलेल्या जागी मोडलं, तर? वाऱ्याला दोष जाणार. सोडणाऱ्याचं नाव निघतं, न सोडणाऱ्याचं कधीच निघत नाही. म्हणून जबाबदार माणूस, चांगला माणूस, काळजी घेणारा माणूस दोरी तशीच ठेवतो. आईबापही तेच करतात, धाकट्या भावाचं दुकान वर्षानुवर्षं तोट्यात पोसणारे थोरले भाऊही तेच करतात. ही माया खोटी असते असं नाही, पण तिच्यात बोल टाळण्याचा हिशेब मिसळलेला असतो. बांधणाऱ्यानंच सोडायचं, आणि सोडल्यावर जे होईल त्याचा बोल आपल्या माथी घ्यायचा, हे बांधतानाच कबूल करायला हवं. मी आता रोप लावते तेव्हा काठीवर ऑइल पेंटनं सोडायचा महिना लिहून ठेवते. येणारेजाणारे हसतात. हसू देत.

धर्मद्रव्याचा दृष्टांत पाठशाळेतलाच. पाणी माशाला पोहायला मदत करतं, पण ढकलत नाही. अधर्मद्रव्य वाटसरूला सावली द्यावी तसं, थांबायचं असेल त्याला थांबायला साहाय्य करतं, पण त्याचा सदरा ओढून बसवत नाही. लहानपणी मला ही द्रव्यं म्हणजे परीक्षेपुरती पाठ करायची नावं वाटायची. आता घरात रोज वापर होतोय.

कारण गेल्या वर्षी सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशन झालं. वय एक्याऐंशी. तीन महिने वॉकर, मग काठी, असं करत फिजिओथेरपिस्टनं सांगितलं, की आता घरातल्या घरात सपाटीवर त्यांना मोकळं चालू द्या, पायावर भार पडला नाही तर पायातली ताकद जाईल. सांगून तो गेला. त्या दिवसापासून घरात दोन पक्ष आहेत. नणंदा पुण्याहून आणि हुबळीहून फोनवर सांगतात, अजिबात सोडू नका, या वयात पुन्हा पडली तर संपलं. त्यांचं चुकत नाही. म्हातारं हाड म्हणजे काही कोवळं सफरचंदाचं खोड नव्हे, आणि माझ्या वाचनातल्या प्रयोगांवर त्यांची आई पणाला लावायचा मला अधिकार नाही. शिवाय पडल्या तर बोल कुणावर येणार, ते सांगायला नको. मुलगा घरात असला तरी हात सुनेचाच सुटलेला असतो.

फरक एवढाच, की झाडाला विचारता येत नाही आणि सासूबाईंना येतं. मी विचारलं. त्या म्हणाल्या, “सोड की गं. मलाच कळंल की.” आता सकाळी सामायिक झालं की देवघरापासून अंगणातल्या कट्ट्यापर्यंत त्या स्वतः चालत जातात. मी मागून चालते, हात त्यांच्या पाठीपासून वीतभर लांब. कट्ट्यावर बसून त्या दम खातात आणि मी रोपांना पाणी घालते. परवा त्या अशाच मधोमध चालत असताना हुबळीच्या नणंदेचा फोन आला. मी स्पीकर चालू केला.

“वहिनी, आईला धरलंयस ना?”

मी काही म्हणायच्या आत सासूबाईच फोनकडे मान वळवून म्हणाल्या, “धरलंय की. घट्ट धरलंय. तू जेवलीस काय?”